विश्लेषण : नेवाळीची धावपट्टी, उल्हासनगरची सनद... युद्धात गेलेली जमीन परत कोणाला मिळते?

कल्याण-मलंग रस्त्यावर 22 जून 2017 रोजी नेवाळी परिसरातील शेतकऱ्यांच्या आंदोलनाचा भडका उडाला. पोलिसांची वाहने पेटली, दोन्ही बाजूंचे अनेक जण जखमी झाले. निमित्त होते नौदलाच्या कुंपणभिंतीचे. मूळ वाद मात्र दुसऱ्या महायुद्धातला. तिथून काही किलोमीटरवर असलेले उल्हासनगरही त्याच युद्धाच्या छावणीतून उभे राहिले. एकीकडे जमीन गेलेले स्थानिक, दुसरीकडे घरदार सोडून आलेले निर्वासित. दोघांचाही प्रश्न मालकीच्या कागदापाशी अडला आहे.

नेवाळीचा वाद काय?

1942 च्या सुमारास ब्रिटिश सरकारने लष्करी धावपट्टीसाठी येथील सुमारे सोळाशे एकर जमीन ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल, असे सांगितले गेले होते, असे शेतकरी म्हणतात. जमीन संरक्षण खात्याची आहे, ही सरकारची भूमिका. मधली अनेक वर्षे धावपट्टी वापराविना पडून होती आणि शेतकरी तिथे भात लावत होते. त्यामुळे भिंत उभी राहू लागली तेव्हा कसती जमीन दुसऱ्यांदा गेल्याची भावना झाली.

अधिग्रहण की संपादन?

सगळे इथेच अडते. बोलताना आपण दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो, कायदा वापरत नाही. अधिग्रहण म्हणजे गरजेपुरता ताबा. मालकी मूळ मालकाकडेच राहते, सरकार भरपाई देते आणि गरज संपली की ताबा सोडते. संपादनात मालकीच सरकारकडे जाते. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली देशभर अशी अधिग्रहणे झाली. पुढे 1952 च्या केंद्रीय कायद्यात मालमत्ता मुक्त करण्याची तरतूद आली. मुंबईतील एका फ्लॅटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये स्पष्ट केले, की अधिग्रहण हे स्वभावतःच तात्पुरते असते, ते अनंतकाळ चालवता येणार नाही.

म्हणून नेवाळीत निर्णायक ठरतील ते त्या काळचे कागद : ताबा कोणत्या आदेशाने घेतला, नंतर संपादनाचा निवाडा झाला का, मोबदला कोणाच्या हाती पडला. आजचा सातबारा एवढ्याचे उत्तर देत नाही. तो महसुली नोंद दाखवतो, ती नोंद कशामुळे झाली हे फेरफार आणि मूळ आदेशातूनच कळते.

उल्हासनगरमध्ये काय घडले?

कल्याणजवळच्या लष्करी छावण्या युद्धानंतर रिकाम्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवण्यात आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात.

कराची, हैदराबाद, शिकारपूरची घरे परत मिळणार नव्हती. सोडून आलेल्या स्थावर मालमत्तेचा हिशेब भारत-पाकिस्तानने आपसात मिटवावा, यासाठी 1949 पासून बोलणी झाली, पण ती फळली नाहीत. मग भारताने आपल्यापुरता मार्ग काढला. 1950 च्या कायद्याने दावे तपासले गेले. 1954 च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याने भरपाईसाठी सामाईक निधी उभारला. त्यात पाकिस्तानात गेलेल्या मुस्लिमांच्या मालमत्ताही होत्या. म्हणजे एका बाजूच्या निर्वासिताची भरपाई दुसऱ्या बाजूच्या निर्वासिताच्या घरातून झाली, आणि दोघांचेही परतीचे दार बंद झाले. लहान दाव्यांना जास्त टक्के, मोठ्यांना कमी, अशी उतरती पद्धत होती. दाव्याची रक्कम मिळालेल्या बराकीच्या किमतीत वळती करता येई.

मग अडचण कुठे आली?

मालकी देणारा कागद म्हणजे सनद. ताबा मिळाला, पण सगळ्यांच्या सनदी झाल्या नाहीत. बराकी हस्तांतरित झाल्या, वाटण्या झाल्या, मोकळ्या जागांवर भिंती चढल्या. सनदींच्या खरेखोटेपणावरूनही वाद झाले. 2005 मध्ये संसदेने 1954 चा कायदा रद्द केला. त्याच वर्षी उल्हासनगरच्या 855 बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ऐरणीवर आला. राज्याने 2006 मध्ये खास या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा केला, पण पुढच्या अनेक वर्षांत फारच थोड्या इमारती नियमित झाल्या. बेकायदा बांधकामांमागे बिल्डर आणि राजकारणी यांचा वाटा मोठा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जागेची मालकीच स्पष्ट नसेल, तर परवानगी, कर्ज आणि पुनर्विकास तिन्ही अडतात, हेही खरे. मे 2021 मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत सात जण दगावले.

जगाचा दंडक काय?

2005 मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उपआयोगाने निर्वासितांच्या घर-मालमत्ता परतीची तत्त्वे मान्य केली. ब्राझीलचे अभ्यासक पाउलो सर्जिओ पिन्हेरो यांच्या नावाने ती ओळखली जातात. त्यांचा गाभा असा : आधी मूळ घर परत, भरपाई दुय्यम. परत देणे खरोखर अशक्य असेल किंवा विस्थापिताने स्वखुशीने भरपाई स्वीकारली, तरच ती पुरेशी. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत आणि त्यांच्या आधारे कोणी कल्याणच्या न्यायालयात दावा जिंकणार नाही.

तरीही ही कसोटी उपयोगी आहे. शिकारपूरचे घर परत देणे भारत सरकारच्या हाती नव्हते. त्यामुळे भरपाईच शक्य होती आणि ती पूर्ण करायची तर सनद देऊनच. नेवाळीची जमीन मात्र जागेवरच आहे. संरक्षणासाठी तिची गरज असेल, तर ती दाखवून आजच्या भूसंपादन कायद्याने मोबदला देता येतो. गरज नसेल आणि केवळ अधिग्रहणच झाले असेल, तर ताबा सोडावा लागेल. त्यासाठी युद्धकाळातील आदेश आणि मोबदल्याच्या नोंदी शेतकऱ्यांपुढे ठेवणे ही पहिली पायरी आहे. त्या पुणे-मुंबईच्या दफ्तरांत शोधण्याचा भार शेतकऱ्यावर टाकण्याऐवजी सरकारने स्वतः उचलायला हवा.