बुकिंग बांधते कोणाला? न्हावा शेवा बंदराचा एक जुना प्रश्न

१/ विमानाचे भाडे तासातासाला बदलते, ही आपली नित्याची तक्रार. परंतु त्या व्यवहारातही एक मर्यादा पाळली जाते. तिकीट हाती पडले की आपल्यापुरते भाडे ठरले. पुढे शेजारच्या आसनाचा दर दुप्पट झाला तरी आपल्याकडे फरक मागितला जात नाही. माणसाला लाभलेली ही हमी मालाला लाभलेली नाही. त्याविषयी हा धागा.

२/ न्हावा शेवा. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले. नाशिकची द्राक्षे याच धक्क्यावरून रीफर कंटेनरमध्ये युरोपला जातात. निर्यातदार शिपिंग लाइनकडे जागा राखतो, त्याला बुकिंग क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे तिकीट, अशी त्याची समजूत असते. ती समजूत चुकीची आहे.

३/ कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत एक अट असते : माल जहाजावर चढेल त्या वेळी लागू असलेले अधिभार द्यावे लागतील. म्हणजे बुकिंगनंतर हंगामी अधिभार येऊ शकतो, इंधनाचा येऊ शकतो, युद्धजोखमीचा येऊ शकतो. वार्षिक करार करणाऱ्या मोठ्या उद्योगांना काही संरक्षण मिळते. लहान निर्यातदाराला ते मिळत नाही.

४/ यावर ठरलेले उत्तर असे : ‘हा बाजार आहे. मागणी वाढली की भाव वाढतो.’ हे उत्तर ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते. सागरी भाड्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

५/ १८७५ साली कलकत्त्याच्या व्यापारात जहाज कंपन्यांनी ‘कॉन्फरन्स’ स्थापन केली. परस्परांशी स्पर्धा न करता सर्वांनी एकच भाडे आकारावयाचे, हा तिचा हेतू. पुढे अशी मंडळे जगभर पसरली. व्यापाऱ्याला बांधून ठेवण्यासाठी त्यांनी जे साधन वापरले, त्याचे नाव ‘डिफर्ड रिबेट’, म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट.

६/ तिची रीत पाहा. व्यापारी पूर्ण भाडे भरी. ठरावीक मुदतीच्या, बहुधा सहा महिन्यांच्या, शेवटी त्यातील काही टक्के सूट त्याच्या नावे मांडली जाई. पण हाती येत नसे. आणखी एक मुदत त्याने दुसऱ्या कोणाच्याही जहाजावर माल चढवला नाही, तरच ती मिळे. एक खेप बाहेर गेली, की साठलेली सूट बुडाली.

७/ म्हणजे भाड्याचा खरा आकडा बुकिंगच्या दिवशी ठरतच नसे. माल परदेशी पोहोचून, विकला जाऊन, महिने लोटल्यावर तो ठरे. आणि तो ठरे व्यापाऱ्याच्या आज्ञाधारकपणावरून. यात मागणी कोठे आली आणि पुरवठा कोठे?

८/ १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशाबरोबर मुंबई-जपान मार्गावर जहाजे सुरू केली. पी अँड ओ कंपनीने कापसाचे भाडे टनामागे दीड रुपयापर्यंत पाडले. टाटा लाइन बुडाली आणि भाडे पुन्हा चढले. जहाजे तीच, कापूस तोच. बदलला होता तो केवळ प्रतिस्पर्धी.

९/ ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद हिराचंदांच्या या कंपनीलाही भाडेयुद्धाला तोंड द्यावे लागले. अखेर १९२३ च्या करारानुसार तिला किनारी व्यापारापुरते मर्यादित राहावे लागले. पुढे सिंधियाशी संबंधित सराभाई हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात ‘डिफर्ड रिबेट’ रद्द करण्याचे विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही.

१०/ आता प्रतिपक्षाचे खरे बळ मान्य करू. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. इंधन आणि दिवस दोन्ही वाढले. हा खर्च काल्पनिक नव्हता. शिवाय काही व्यापारी दोन ठिकाणी जागा राखतात आणि एकीकडे माल पाठवतच नाहीत, ही तक्रारही खोटी नाही.

११/ परंतु यातून निष्कर्ष काय निघतो? वाढीव खर्च नव्या बुकिंगवर आकारा. जागा राखून न येणाऱ्याला दंड करा आणि बुकिंग घेऊन कंटेनर मागे ठेवणाऱ्या लाइनलाही तितकाच करा. शेकडो जहाजांचा मालक जोखीम अनेक खेपांवर पसरू शकतो. द्राक्षे तोडून, पेटीत भरून, शीतपेटीत चढवलेला बागाईतदार कोठे पसरणार? त्या क्षणी त्याला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य उरलेले नसते. त्याच क्षणी मागितलेल्या वाढीला बाजारभाव म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

१२/ हे अशक्य नाही. अमेरिकेत जहाज कंपनीच्या जाहीर दरपत्रकातील वाढ प्रसिद्धीनंतर ३० दिवस उलटल्याशिवाय लागू करता येत नाही. बाजाराचा जयघोष करणाऱ्या देशाचाच हा नियम आहे.

१३/ आपल्याकडे समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा जाऊन २०२५ साली नवा आला. माल हरवला वा बिघडला तर वाहतूकदाराचे दायित्व किती, हा त्याचा विषय. बुकिंगनंतर वाढणारे भाडे हा त्याचा विषय नाही. शंभर वर्षांनी कायदा बदलला. प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

१४/ मागणी एका ओळीची आहे : बुकिंगच्या दिवशीचे भाडे दोन्ही पक्षांना बंधनकारक असावे. एकालाच बांधणाऱ्या कागदाला करार म्हणत नाहीत.