गृहव्यवहार : ‘जशी आहे तशी’ मोटार

मातीचें मडकें घेतांनाही आपल्या घरांतील वडील स्त्रिया तें वाजवून पाहतात. परंतु कित्येक लाखांची जुनी मोटार घेतांना तेंच घर रंगाकडे व आसनांच्या खोळींकडे पाहून भुलतें आणि विक्रेत्यानें पुढें केलेल्या कागदावर निमूटपणें सही करतें. त्या कागदांत ‘गाडी जशी आहे तशी घेतली, पुढें तक्रार नाहीं’ अशी एक ओळ असते. तिचें वजन किती, याचा विचार आज कर्तव्य आहे.

मालविक्रीचा आपला कायदा इ. स. १९३० चा. त्याचा मूळ दंडक असा कीं, मालाची पारख करणें हें गिऱ्हाइकाचें काम. याला अपवाद आहेत. मोटारींचाच धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून गाडी घेतली, तर ती बाजारांत खपण्याजोगी असली पाहिजे, असें कायदा गृहीत धरतो. मात्र गिऱ्हाइकानें गाडी तपासली असेल, तर त्या तपासणींत दिसावयास हवे होते अशा दोषांविषयीं हें संरक्षण उरत नाहीं. शिवाय अशा गृहीत अटी कराराच्या स्पष्ट शब्दांनीं बाजूस सारतां येतात, व वरील ओळ नेमकें तेंच काम करते.

तथापि ही ओळ म्हणजे लबाडीचा परवाना नव्हे. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें फसविण्याच्या हेतूनें खोटें सांगणें अथवा दोष मुद्दाम झांकणें ही फसवणूक होय, व अशा रीतीनें झालेला करार रद्द ठरविण्याचा हक्क फसलेल्या पक्षास असतो. किलोमीटरचा कांटा मागें फिरवून गाडी विकणारा या ओळीआड लपूं शकत नाहीं. पण नुसतें मौन सामान्यतः फसवणूक ठरत नाहीं. म्हणून प्रश्न विचारावे व उत्तरें लेखी घ्यावीं : अपघात झाला होता काय ? गाडी पुराच्या पाण्यांत बुडाली होती काय ? कर्ज फिटलें काय ?

दाद कोठें मागावी, हेंही विक्रेता कोण यावर अवलंबून आहे. घरच्या वापरासाठीं व्यापाऱ्याकडून गाडी घेतली असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दोन वर्षांच्या आंत ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. एखाद्या गृहस्थानें स्वतःची एकच गाडी विकली, तर तो व्यापारी ठरत नाहीं. तेथें बहुधा दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

यास्तव आधींच सावध असणें बरें. माहितगार मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याची मजुरी वांचवूं नये. इंजिन थंड असतांना सुरू करून पाहावें; निळसर धूर येत राहिल्यास तेल जळत असल्याची ती खूण होय. आसनांखालीं गंज, पायघड्यांखालीं गाळ किंवा कुबट वास आढळल्यास गाडी पाण्यांत बुडाली असल्याचा संशय घ्यावा. चासीवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर बँकेचा दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना हातीं आल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये.

नांव बदलण्याची दिरंगाई तर सर्वांत घातक. एकाच राज्यांतील विक्रीची खबर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत आर. टी. ओ. कचेरीस द्यावयाची असते. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हस्तांतराची नोंद झालेली नसेल, तर अपघाताच्या नुकसानभरपाईपुरता नोंदलेला मनुष्यच मालक समजावा. म्हणजे गाडी दारांतून गेली, तरी जबाबदारी घरींच राहते ! घेणाऱ्यानेंही विमा आपल्या नांवें करण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा कायद्यानें आपोआप नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा तसा जात नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पैसे चौघांचे असले, तरी नोंदणी बहुधा एकाच्याच नांवें होते व दायित्वही त्याच्याच माथीं येतें. तें नांव कोणाचें असावें, हें घरांत बसून आधीं ठरवावें.

मेहुण्याची किंवा शेजाऱ्याची गाडी असली म्हणजे ‘त्यांच्याकडे कागद कसे मागावे ?’ असा संकोच वाटतो. भीड ही भिकेची बहीण, हें वडिलांचें वचन येथें आठवावें. ज्या दिवशीं पैसे द्यावयाचे, त्याच दिवशीं हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर उभयतांच्या सह्या व्हाव्या. त्यामुळें देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें दोघांचेंही हित राखलें जातें, आणि सणावारीं एकमेकांच्या घरीं जातांना मनांत किल्मिष राहत नाहीं.