एका पाइपात एक फेज नको

रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरला इथल्या इंडक्शन फर्नेसमध्ये स्पंज आयर्न वितळते, तेव्हा त्याला ना ज्वाला लागते, ना कॉइलचा स्पर्श होतो. कॉइलमधला उलटसुलट वाहणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्र तयार करतो, त्या क्षेत्रामुळे लोखंडात प्रवाह फिरू लागतात आणि त्यांच्याच उष्णतेने लोखंडाचा रस होतो. रायपूरच्या पोलाद धंद्याचा मोठा हिस्सा या तत्त्वावर पोट भरतो. अशा शहरात तरी तीन फेजच्या तीन जाड वायरी तीन वेगवेगळ्या लोखंडी पाइपांतून कोणी नेऊ नयेत, कारण पाइपही याच तत्त्वाने तापतो. तरीही काम उरकण्याच्या घाईत ही पद्धत वापरली जाते, आणि हरकत घेतली की ठरलेली उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर असे की, वायर लोडच्या हिशेबाने घेतली आहे, मग ती तापेलच कशी? हा हिशेब फक्त वायरीचा झाला, पाइपाचा नाही. 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यात प्रवाहाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते आणि तितक्याच वेळा पाइपाचे चुंबकत्वही उलटते. या उलथापालथीत लोखंड आतून तापते. शिवाय पाइपाच्या धातूत एडी करंट फिरतात, त्यांची उष्णता वेगळीच. मग आतल्या वायरीने आपली उष्णता टाकायची कुठे? साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. मे महिन्यात इथे पारा 44-45 अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर त्याहूनही वर. उरलेल्या पंचवीसेक अंशांत वायरीची स्वतःची उष्णता मावायची आणि वर पाइपाचीही.

दुसरे उत्तर एमसीसीबीचे, म्हणजे जास्त करंट गेला की पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरचे. काही बिघडलेच तर तो ट्रिप होईल, असे छातीठोकपणे सांगितले जाते. पण एमसीसीबीला कळतो तो त्याच्यातून जाणारा करंट. 200 अँपिअरच्या एमसीसीबीतून 150 अँपिअर जात असतील तर त्याच्या लेखी सगळे आलबेल. तिकडे पाइपात आवरण कडक होत जाते, त्याला तडे पडतात. ते फाटून शॉर्ट झाल्यावरच एमसीसीबी पडणार. तोवर जे जळायचे ते जळून गेलेले असते.

पाइपाला अर्थिंग केले आहे, हे तिसरे उत्तर. अर्थिंग हवेच, त्याने शॉकपासून जीव वाचतो. पण चुंबकीय क्षेत्र अर्थिंगने थांबत नाही.

वर्षानुवर्षे असेच चालले आहे, काही झाले नाही, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. घरातल्या पाच-दहा अँपिअरने पाइप जाणवण्याइतका तापत नाही. पीव्हीसी पाइपात हा प्रश्नच येत नाही. छतावरच्या सोलर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो, तिथेही अशी उष्णता निर्माण होत नाही. मात्र डीसी बाजूची सवय इन्व्हर्टरच्या पुढे एसी बाजूला नेली की घोटाळा होतो. करंट दुप्पट झाला की पाइपातली ही उष्णता दुपटीहून बरीच जास्त वाढते. आज 30 अँपिअरवर निमूट राहिलेला पाइप, राइस मिलमध्ये नवी मोटर आली किंवा मंगल कार्यालयात एअर कंडिशनर बसले की तसाच राहील, याची हमी कोण देणार?

योग्य पद्धत वायरिंगच्या आयएस 732 या भारतीय मानकात सांगितलेलीच आहे. लोखंडी पाइपातून एसी प्रवाह न्यायचा असेल तर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या वायरी एकाच पाइपात हव्यात. तीन फेज आणि न्यूट्रल एकत्र असले की त्यांच्या प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते आणि बाहेरचे क्षेत्र जवळजवळ मिटते. चार वायरी मावत नाहीत, ही खरी अडचण असते. त्यावर उपाय मोठा पाइप किंवा मल्टिकोअर केबल. दोन पाइप लागणारच असतील तर वायरींचे दोन संच करा आणि दोन्ही पाइपांत आर, वाय, बी हे तिन्ही फेज आणि न्यूट्रल, असे चारही ठेवा.

पॅनेलची ग्लँड प्लेट, म्हणजे केबल आत शिरतात ती प्लेटही बघा. लोखंडी प्लेटला तीन भोके आणि प्रत्येकातून एक सिंगल कोअर केबल, म्हणजे तीच चूक छोट्या जागेत. भोकांभोवतीचा रंग करपून तपकिरी झालेला दिसला, तर पॅनेल बंद करून आधी प्लेट तपासा. तिथे ॲल्युमिनियमची प्लेट लावावी, नाहीतर भोकांच्या मधला पत्रा कापून ती एकमेकांना जोडावीत.

एवढे सांगूनही ठेकेदाराला पटत नसेल, तर त्याच्याच पिशवीतला टाँग टेस्टर काढायला सांगा. एका फेजच्या वायरीभोवती धरला की तो पूर्ण करंट दाखवतो. चारही वायरी एकदम जबड्यात घेतल्या की आकडा शून्याजवळ येतो. जबड्याच्या जागी पाइप आहे असे समजा, सगळा वाद तिथेच मिटतो. परवानाधारक वायरमनकडून, पूर्ण लोड चालू असताना, आपल्या मीटर रूममधल्या प्रत्येक लोखंडी पाइपाची ही तपासणी येत्या उन्हाळ्याआधी करून घ्या. पाइपाला हात लावून मात्र बघू नका.