संस्थांचे बिऱ्हाड आणि नगराचे घर

मराठवाड्यातल्या साहित्य मंडळांची, हौशी नाट्यसंस्थांची, विज्ञान मंडळांची पत्रके पाहिली, तर पुष्कळांवर एक शब्द आढळतो : 'द्वारा'. वर संस्थेचे नाव, खाली 'द्वारा' आणि मग कार्यवाहांच्या घराचा पत्ता. कार्यवाह बदलले की संस्थेचा पत्ता बदलतो, त्यांची बदली झाली की संस्था पेटीत बंद होते. आणि ते वारले की इतिवृत्ताच्या वह्या, छायाचित्रे, स्पर्धेत केलेल्या एकांकिकांच्या संहिता कोणत्या माळ्यावर गेल्या, हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या भागातील वाङ्मयीन चळवळीवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला साधने का मिळत नाहीत, याचे एक कारण या शब्दात आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी या क्षेत्रात काहीच केले नाही, असे आमचे म्हणणे नाही. नांदेडला महापालिकेचे डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. राज्यात इतरत्रही पालिकांची नाट्यगृहे आहेत. परंतु प्रेक्षागृह आणि घर यांत फरक आहे. प्रेक्षागृह सत्राच्या हिशेबाने भाड्याने मिळते. प्रयोग संपला की पडदे गुंडाळायचे आणि बाहेर पडायचे. तालीम कोठे करावी, नेपथ्य कोठे ठेवावे, वर्गणीतून घेतलेली दुर्बीण कोणाच्या गच्चीवर न्यावी, या प्रश्नांना त्या पावतीत उत्तर नसते. संमेलनांचेही तेच. १९८५ साली नांदेडला आणि २०२२ साली उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. दोन्ही प्रसंगी मराठवाड्याने उत्साहाने यजमानपद भूषविले. पण मांडव हा शेवटी उतरविण्यासाठीच घातलेला असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. नगराच्या मालकीची अशी एक वास्तू असावी, की जिच्यात कलेच्या आणि विज्ञानाच्या संस्थांना पाहुण्यासारखे नव्हे, तर रहिवाशासारखे वावरता येईल. प्रत्येकीला एक खोली, एक कपाट आणि स्वतःचा पत्ता. सर्वांना मिळून एक सभागृह, एक तालमीची जागा आणि एक वाचनालय.

कला आणि विज्ञान एकाच छपराखाली कशाला, असे कोणी विचारील. मराठीपुरते तरी या दोहोंतील भिंत आपणच उभारलेली आहे. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान सांगण्याचे काम करते. ते काम जितके विज्ञानाचे, तितकेच भाषेचे आहे. याच परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि मराठी विज्ञानकथेला एक महत्त्वाचा लेखक मिळाला. पुढे २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. विज्ञानाच्या दारातून साहित्यात येण्याची वाट आपल्याकडे आहे. ती ठळक करायला दोन्ही दारे एका ओसरीवर उघडली पाहिजेत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविणारे नरहर कुरुंदकर मनुस्मृतीवर, भरताच्या नाट्यशास्त्रावर आणि राजकारणावर सारख्याच अधिकाराने लिहीत. विषयांच्या भिंती न मानणारा असा एक विचारवंत या भागाला लाभला. पण अशा माणसाच्या भोवती जमणारी बैठक त्याच्या माघारी टिकायची, तर तिला जागा लागते.

माहूरचे उदाहरण घ्या. रेणुकेचे आणि दत्तात्रेयाचे हे क्षेत्र. महानुभाव परंपरेलाही ते पूज्य. म्हणजे मराठी गद्याचा प्रारंभ अभ्यासू इच्छिणाऱ्याने येथे यावे, असे हे ठाणे. भोवती सागाचे जंगल, पायथ्याच्या मुलखात पैनगंगा, आणि गोंड, कोलाम, बंजारा समाजांच्या बोली व गाणी. देवीच्या मंदिराचा कारभार विश्वस्तांकडे आहे, वस्तुसंग्रहालय राज्य शासनाचे आहे. पण नगरपंचायतीच्या मालकीची आणि गावातल्या मंडळांना हक्काने बसता येईल अशी जागा कोणती? एका खोलीत पोथ्यांच्या छायाप्रती, दुसरीत बोलींचे ध्वनिमुद्रण, तिसरीत वनस्पतींच्या नोंदी आणि गच्चीवर दुर्बीण, एवढे झाले तरी क्षेत्राला येणारा विद्यार्थी दर्शनानंतर दोन दिवस मुक्काम करील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. तो खरा आहे. परंतु आम्ही नव्या इमारतीचा आग्रह धरीत नाही. पालिकांच्या मालकीच्या वास्तूंतील वापरात नसलेल्या खोल्यांची यादी करण्यापासूनही आरंभ करता येईल. शिवाय ही काही कृपा नव्हे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक पैलूंचे संवर्धन हा विषय स्पष्ट नमूद आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पालिकेच्या घरात राहणारी संस्था पालिकेची मिंधी होईल, आणि खोल्या नगरसेवकांच्या आप्तांच्या मंडळांना मिळतील. या भीतीवर उपाय नियमांचा आहे. पाच वर्षांची मुदत, जाहीर अर्ज, वर्षाचा अहवाल सर्वांना खुला, आणि जी संस्था काम करणार नाही तिने जागा सोडावी. घर नगराचे आहे, सत्ताधाऱ्यांचे नव्हे, हे दारावरच लिहिलेले असावे.

कोल्हापूरचे उदाहरण येथे बोलके आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले आणि महापालिकेच्या मालकीत आले. राजाची देणगी नागरिकांचा हक्क झाली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. भाड्याच्या सभागृहासाठी कोणी रडत नाही. पिढ्यान् पिढ्या वावरल्याने ते त्यांचे घर झाले होते.

मराठवाड्यातल्या आमच्या संस्थांना असे घर अजून मिळायचे आहे. ते मिळेपर्यंत पत्रकावरचा 'द्वारा' जाणार नाही, आणि कार्यवाहांच्या माळ्यावरचा आपला वाङ्मयीन इतिहास वाळवीच्या स्वाधीन राहील.