यादीत किती कॉलेजं हवीत?



गेल्या जूनमधली गोष्ट. हजीऱ्याच्या टाउनशिपमध्ये दादाकडे जेवायला गेलो होतो. हात धुवून येईपर्यंत दादाने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "तू इंजिनिअर आहेस, जरा बघ." वहिनी म्हणाल्या, "अहो, भावोजींना सुपारी तरी खाऊ द्या!" पण दादाला धीर नव्हता. पुतणीची बारावी झाली होती, जेईई मेनची रँक हातात होती आणि एक्सेलमध्ये 93 कॉलेजं होती.

गंमत अशी, की जानेवारीपासून दादाने 11 खासगी संस्थांचे फॉर्म भरले होते, प्रत्येकाची फी वेगळी. आणि जोसाच्या पोर्टलवर, जिथून एनआयटी आणि ट्रिपलआयटीचे प्रवेश होतात, तिथे फक्त 8 पर्याय. "मिळणार नाहीत ती कशाला टाकायची?" हे त्याचं म्हणणं.

मला वाटतं, आपल्यापैकी बरेच पालक इथेच चुकतात. याद्या दोन असतात. एक पैसे आणि परीक्षेचा वेळ खाणारी. ती छोटी हवी, तीन-चार नावांची. दुसरी पसंतीक्रमाची. तिथे प्रत्येक नावाला वेगळी फी नाही, किती नावं टाकावीत यालाही बंधन नाही. ती लांब हवी. दादाने नेमकं उलट केलं होतं.

या दुसऱ्या यादीमागचं गणित जुनं आहे. 1962 मध्ये गेल आणि शॅप्ले या दोन गणितज्ञांनी ते मांडलं आणि 2015 पासून जोसाचं जागावाटप त्याच धर्तीवर चालतं. संगणक वरून खाली वाचत जातो आणि तुमच्या रँकला मिळू शकणारं सगळ्यात वरचं नाव देतो. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही. त्यामुळे अंदाज बांधून क्रम लावायचा नाही, मनातलाच क्रम लावायचा.

पण लांब म्हणजे वाट्टेल ते नाही. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून कसोटी एकच: उद्या हेच मिळालं तर मूल बॅग भरेल का?

हे बोलत असताना पुतणी दारात उभी होती. म्हणाली, "काका, यातल्या निम्म्या ठिकाणी मी जाणारच नाही. आणि मला केमिकल हवंय, बाबांनी सगळीकडे कॉम्प्युटरच टाकलंय." दादा गप्प. लहानपणापासून प्लांटच्या चिमण्या बघत वाढलेली पोर. तिला विचारायचंच राहून गेलं होतं.

मग रात्री साडेबारापर्यंत बसलो. मागच्या वर्षीच्या शेवटच्या रँक पोर्टलवर असतात, पण योग्य रकाना बघावा लागतो. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि राज्य ठरतं बारावी कुठून केली त्यावर. आपण घरात मराठी बोलत असलो तरी हजीऱ्यात बारावी केलेलं मूल इथे गुजरातचंच. म्हणजे सुरतच्या एसव्हीएनआयटीत तिला घरचा कोटा, नागपूरच्या व्हीएनआयटीत बाहेरचा. बारावीसाठी मुलाला कोट्याला पाठवून तिथल्याच शाळेत नाव घालणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण मग राज्य राजस्थान होतं. शिवाय 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत, त्यांची रँक वेगळ्या ओळीत असते. महाराष्ट्राच्या सीईटीतून जाणाऱ्यांनी तिथले रहिवासाचे नियम माहितीपुस्तिकेतून आधीच वाचावेत. आत्याच्या फोनवर विसंबू नये.

शेवटी 93 पैकी 27 उरली. अवघड, जमण्यासारखी, नक्की मिळेल अशी, तिन्ही प्रकारची. क्रम तिने लावला. झोपायला जाताना तिने स्वतःहून एक नाव वर सरकवलं, दूरच्या राज्यातल्या एनआयटीचं केमिकल. दादाच्या यादीत ते नव्हतंच.

इच्छानाथची जागा थोडक्यात हुकली. मिळालं ते नवव्या क्रमांकावरचं, तेच रात्री वर सरकवलेलं. सुरत स्टेशनवर गाडी हलली तेव्हा वहिनी रडल्या, दादा पाण्याची बाटली आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. पुतणी मात्र खिडकीतून हसत होती.

माझी लेक अजून बालवाडीत आहे, त्यामुळे सल्ला देणं मला सोपं जातंय, हे कबूल. पण किती कॉलेजं, असं कुणी विचारलं तर मी आता आकडा सांगत नाही. फॉर्म भरायचे तेवढेच, जेवढ्यांची तयारी मुलाला झेपेल. पसंतीक्रमात मात्र तितकी नावं, जितक्या ठिकाणी ते आनंदाने राहील. आणि ती नावं एकदा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. कुठे आवाज अडखळतो, ते आईबाबांना बरोबर कळतं.

पुन्हा भेटूच पुढच्या अंकात.