एकवीस दिवसांचा हिशेब

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अंदाजपत्रकात एक छोटीशी घोषणा होती. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, या बातमीने त्या दिवशी बाकी सारे झाकून टाकले, म्हणून तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची ‘डे केअर’ केंद्रे काढावयाची, आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ सालातच, असा तो संकल्प होता. रोग्याने सकाळी यावे, औषध शिरेतून घ्यावे आणि रात्री जेवावयास आपल्या घरी असावे, इतका त्याचा साधा अर्थ. आपल्या शहराला आणि आपल्या घरांना या गोष्टीशी काय कर्तव्य आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

आमचे बिऱ्हाड पडावावर. स्टेशन जवळ असल्यामुळे एक दृश्य येथे रोजचेच झाले आहे. भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया या बाजूंची माणसे उतरतात. बाईच्या डोक्यावर घट्ट बांधलेला रुमाल, आणि बरोबरच्याच्या हातात क्ष-किरणांच्या चित्रांची मोठी पिशवी. श्योपूरची छोटी गाडी २०२० साली थांबली, तेव्हापासून तिकडच्यांना दोनशे किलोमीटरची बस आली. याच स्टेशनावरून उलट दिशेने आपली मंडळीही जातात. पंजाब मेलने मुंबई!

आपल्या घराण्यांची ही रीतच पडली आहे. दुखणे बेताचे असले तर जयारोग्य, आणि कठीण असले की परळ. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. त्या काळी दादर-गिरगावात कोणाची ना कोणाची मावशी असे, आणि तिच्या दोन खोल्यांत आणखी दोन माणसे सहज मावत. तेव्हा ही रीत शहाणपणाची होती. आज मावशी राहिलेली नाही. तिचा मुलगा विरार किंवा बदलापूरला राहतो, आणि तेथून परळ गाठणे धडधाकट माणसालाही जड जाते.

स्तनाच्या कर्करोगात नेमके काय करावयाचे असते, हे एकदा नीट मोजून पाहिले पाहिजे. गाठीचा तुकडा काढून तपासणे, ती गाठ कोणत्या जातीची हे ठरविणे, शस्त्रक्रिया, आणि लागल्यास किरणोपचार. ही कामे मोठ्या ठिकाणचीच. पण मधला जो केमोथेरपीचा लांबलचक पट्टा असतो, त्याचे एक नेहमीचे वेळापत्रक असे: दर एकवीस दिवसांनी एक अशी चार सलाइने, आणि त्यानंतर दर आठवड्याला एक अशी बारा. म्हणजे सोळा खेपा. गाठ विशिष्ट जातीची निघाली तर ट्रास्टुझुमॅब नावाचे आणखी एक औषध वर्षभर, बहुधा तीन-तीन आठवड्यांनी. प्रत्येक सलाइनाआधी रक्ताची तपासणी. प्रत्यक्ष औषध काही तासांत संपते, पण त्यासाठी परगावी जाणाऱ्या घराचे तीन-चार दिवस मोडतात.

उपचार पुष्कळदा येथेच तुटतो. औषध मिळत नाही म्हणून नव्हे, बरोबर जावयास माणूस उरत नाही म्हणून. माझ्या नात्यातील एक काकू तिसऱ्या खेपेनंतर म्हणाल्या, “आता मला बरे वाटते, पुरे झाले.” बरे काहीच वाटत नव्हते. मुलाची रजा संपली होती, आणि ते त्यांना त्याच्या तोंडून ऐकावयाचे नव्हते. उरलेल्या खेपा झाल्याच नाहीत. आपल्या घरांतील बायका असे किती वेळा बोलतात आणि आपण ते किती सोयीने खरे मानतो, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडीत नाही.

जिल्ह्याच्या गावी सलाइन देण्याची कल्पना दिल्लीत जन्मली असे मात्र नव्हे. तिचा प्रयोग आपल्याच मुलखात, शिंदेशाहीच्या जुन्या उज्जैनीत, झालेला आहे. मध्य प्रदेश शासनाने २०१४ च्या सुमारास जिल्हा रुग्णालयांतून विनामूल्य केमोथेरपी देण्याची योजना हाती घेतली. तिच्यामागे डॉ. दिनेश पेंढरकर या कर्करोगतज्ज्ञांचा पुढाकार होता. जिल्ह्याजिल्ह्यांतील साधे वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांना काही आठवडे उज्जैनला शिकवावयाचे, मोठ्या ठिकाणी ठरलेला उपचार त्यांनी आपल्या गावी पुढे चालवावयाचा, आणि अडले तर तज्ज्ञाला दुरून विचारावयाचे, अशी ती रचना. मला यातील मर्म फार मोलाचे वाटते. सल्ला तज्ज्ञाचा हवा. सुई टोचणारा हात तज्ज्ञाचाच असला पाहिजे असे नाही.

पण हात शिकलेला मात्र हवा. आक्षेप घेणारे म्हणतात की ही विषारी औषधे आहेत, जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांचे काय होणार? आक्षेप खोटा नाही. ॲड्रियामायसिन नावाचे लाल औषध शिरेबाहेर पाझरले तर मांस जाळते. त्याहून मोठी भीती पुढच्या दिवसांची. सलाइन दिल्यावर साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या मुदतीत शंभरावर ताप चढला तर सकाळची वाट पाहावयाची नसते. जंतुनाशक औषध ताबडतोब शिरेतून गेले पाहिजे. परळहून परतलेल्या बाईला हा ताप ग्वाल्हेरात किंवा गाडीतच येतो, ही गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात. तेव्हा केंद्र घराजवळ असणे ही सोयच नव्हे, ती सुरक्षितताही आहे. मात्र त्या केंद्राचे दार रात्री उघडे असेल तरच. दहा ते पाच चालणारे केमोथेरपीचे केंद्र मला अर्धवट वाटते. शिवाय शिकलेली परिचारिका बदलून गेली की मागे खुर्ची आणि पाटी तेवढी उरते, ही आपल्या सरकारी कारभाराची जुनी खोड आहे.

केंद्राच्या भिंतीबाहेरही काम आहे, आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे एक प्रयोग चालविला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी ठरावीक मुदतीने बायकांचे स्तन हाताने तपासावयाचे. दीड लाखांवर स्त्रिया त्यात होत्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटलेले दिसले, पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. यंत्र नाही, चित्र नाही, नुसते शिकलेले हात! केरळात कालिकतला १९९३ साली असाध्य रोग्यांच्या वेदना शमविणारा दवाखाना निघाला, आणि पुढे त्या प्रांतात गल्लीतील साधी माणसे शिकून रोग्यांच्या घरी जाऊ लागली.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. मराठी घरांत हा शब्दच उच्चारला जात नाही. ‘छातीत काहीतरी आहे’ इतकेच, आणि तेही सासूला नव्हे, बहिणीला, सहा महिन्यांनी. २०२२ सालच्या जागतिक अंदाजात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रोगी स्त्रिया आणि सुमारे ९८ हजार मृत्यू धरले आहेत. हे प्रमाण इतके वाईट असण्याचे एक कारण उशीर हे आहे, आणि तो उशीर कुलीन घरांतही होतो.

ग्वाल्हेर काही अगदीच उघडे नाही. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासूनचे. मांढऱ्याच्या मातेच्या टेकडीवर स्वतंत्र कर्करोग रुग्णालय आहे. घरात सत्तरीच्या वरचे कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळू शकते, आणि केमोथेरपी त्यात येते. ‘ते कार्ड गरिबांचे’ म्हणून ते न काढणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत.

मुंबईस जाऊच नये असे मी म्हणत नाही. पहिल्या खेपेला अवश्य जावे. मात्र तेथून निघताना औषधांची नावे, मात्रा, दिवस, रक्ताचे आकडे कुठवर चालतील, हे सारे कागदावर लिहून मागावे, आणि “उरलेली सलाइने ग्वाल्हेरास घेतली तर चालतील काय?” असे सरळ विचारावे. मग येथे येऊन ज्या ठिकाणी ती घ्यावयाची तेथे चौकशी करावी: औषध कोण तयार करते, परिचारिका कुठे शिकली, शीर फुटली तर काय करता. आणि दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कोण उचलील, त्याचा नंबर तेथेच लिहून घ्यावा.