पैशाची जाहिरात जपून करावी

भगिनींनो, घर सांभाळून म्युच्युअल फंड वितरणाचे काम करणाऱ्या आपल्यात बऱ्याचजणी आहेत. एनआयएसएमची परीक्षा दिली, ॲम्फीचा एआरएन क्रमांक हाती आला, की प्रश्न पडतो, गिऱ्हाईक आणायचं कुठून? पूर्वी हळदीकुंकवात चौघींच्या कानावर घातलं की भागायचं. आता फेसबुक आहे, व्हॉट्सॲप आहे. पण बाई, लोणच्याची जाहिरात वेगळी आणि पैशाची वेगळी. लोणचं बिघडलं तर एक बरणी वाया जाते. आपल्या एका ओळीवर भुलून शेजारच्या आजींनी मुदतठेव मोडली, तर त्यांचे पैसे भरून कोण देणार? म्हणूनच सेबी आणि ॲम्फी यांचे नियम इतके कडक आहेत.

पहिली गोष्ट आपल्या नावाची. नावाखाली ‘ॲम्फी नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ असे लिहावे, सोबत एआरएन क्रमांक द्यावा. ‘वेल्थ ॲडव्हायझर’, ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ असली बिरुदे लावू नयेत. सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी नसेल तर वितरकाने ती वापरायची नाहीत, असा नियम २०२० साली आला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं व्हायला नको. एआरएनची मुदत ३ वर्षांची असते. ती संपलेली नाही ना, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट मजकुराची. ‘हमखास’, ‘खात्रीशीर’, ‘दामदुप्पट’ हे शब्द खोडूनच टाका. मागच्या वर्षीचा परतावा मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह होतो. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण गेल्या वर्षीच्या शितावरून यंदाचा भात कसा कळेल? बाजारातील जोखमीचा ठराविक इशारा वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत घालावा. चित्रफीत असेल तर तो दिसावा आणि ऐकूही यावा. इंग्रजी इशाऱ्यात १४ शब्द आहेत. त्यांना निदान ५ सेकंद द्यावेत, आगगाडी सोडल्यासारखे म्हणू नयेत.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. एखाद्या योजनेचे चित्र मोबाईलवर आपले आपण बनवून, त्यावर फंड कंपनीचे बोधचिन्ह चिकटवू नये. त्यासाठी कंपनीची आधी लेखी परवानगी लागते. कंपनीने दिलेले साहित्यच वापरणे सोयीचे.

चौथी, भेटवस्तूंची. ‘एसआयपी सुरू करा, चांदीचे नाणे मिळवा’ हे साडीच्या दुकानात शोभते, इथे नाही. आपल्या कमिशनातला वाटा गुंतवणूकदाराला परत देण्यास सेबीने २००२ सालीच मनाई केली आहे. भेटीचे आमिष दाखवणेही आचारसंहितेत बसत नाही.

पैसे देऊन गूगलवर जाहिरात करणार असाल, तर भारतात वित्तीय सेवांच्या जाहिरातदारांसाठी २०२२ पासून पडताळणी आहे. एआरएनवर जे नाव तेच सगळीकडे ठेवा, म्हणजे खेटे वाचतील.

शाळेत उतारा वाचून झाला की मी मुलांना विचारते, “काय समजलं?” जाहिरात पाठवण्याआधी घरातल्या कुणालातरी ती वाचायला देऊन हेच विचारावे. “पैसे नक्की वाढतील” असे उत्तर आले, तर मजकूर बदलायला हवा, मग एकेक शब्द नियमात बसत का असेना! आणि दुधाच्या हिशेबासारखी एक वही ठेवा: तारीख, मजकूर, कुठे दिली, परवानगी कुणाची. तक्रार झालीच तर ती कामाला येते. नियम मोडल्यास एआरएन निलंबित होऊ शकतो, मग कमिशनही अडकते. आणि सोसायटीत तोंड दाखवायचे ते वेगळेच.

पुढच्या आठवड्यात नॉमिनीच्या अर्जाविषयी बोलू. तोवर आपल्या जुन्या जाहिराती काढून एकदा तपासून घ्या हं.